किल्ल्याखालची गाडी

युसुफ सोलकर जयगड खाडीकाठचा. अल ऐनमध्ये एकाच घरी ड्रायव्हर म्हणून त्याची वीसेक वर्षं गेली, पण त्याने कुणाच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं. पंपावरचा पोरगा टाकी फुल्ल म्हणाला तरी युसुफ काटा बघितल्याशिवाय हलायचा नाही. हव्वाबी भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाली तरी आधी बोटाने चाटून बघणार. तरुणपणी एका एजंटाने त्याला कारच्या शोरूममध्ये नोकरी लावतो म्हणून आणलं आणि वाळवंटात उंटांच्या गोठ्यावर नेऊन सोडलं. तेव्हापासून हा स्वभाव त्याला चिकटला तो चिकटलाच.

त्या गोठ्यावरून त्याला बाहेर काढलं ते उम्म सैफने, म्हणजे सैफच्या आईने. उंट बघायला आली होती, कोपऱ्यात तापाने फणफणलेला हा पोरगा दिसला, तर उंटाऐवजी त्यालाच गाडीत घालून घरी घेऊन गेली. घरची सगळी नोकरमाणसं तिला ‘मामा’, म्हणजे आई, म्हणत. हव्वाबी लग्नानंतर अल ऐनला आली तेव्हा तिला हसू आवरेना. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि इथे ही नाकावर बुरख्याची कडक पट्टी लावलेली, सोन्याच्या बांगड्या घातलेली म्हातारी. पुढे तीही मामाच म्हणायला लागली. अंगणामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला, हव्वाबी मोठ्या घरच्या स्वयंपाकात हाताखाली गेली, मुलगी इन्शा तिथल्याच इंडियन स्कूलला.

२००८ सरता सरता दुबईचं वारं फिरलं. सैफ बायको-मुलांसह अबू धाबीला राहायचा, पण दुबईत त्याची एक बिल्डिंग उभी राहत होती, ती सातव्या मजल्यावर थांबली. अल ऐनच्या घरातला माळी गेला, पाठोपाठ दुसरा ड्रायव्हर गेला. युसुफचा चुलतभाऊ अजीज हमरिया फ्री झोनमध्ये वेल्डर होता, त्याची कंपनीच बंद पडली. गावी परत जाण्याआधी तो दोन दिवस युसुफकडे येऊन राहिला.

“माळी गेला, ड्रायव्हर गेला. आता नंबर कुणाचा ते तूच समज,” अजीज म्हणाला.

“मामा आहे तोवर मला कोण काढतंय?”

“मामाचं वय काय, युसुफभाई? घर आता पोरगा चालवतो.”

हे बोलणं युसुफच्या डोक्यात घर करून बसलं. जून महिन्यात सैफने त्याला बोलावून घेतलं. “फोटो काढून आण. व्हिसा लावायचाय. यंदा तू आमच्याबरोबर ऑस्ट्रियाला चल.”

दर उन्हाळ्यात ते कुटुंब आल्प्सच्या डोंगरात जायचं, पण ड्रायव्हरला कधी नेलं नव्हतं. आणि ज्या वर्षी माणसं कमी करतायत त्याच वर्षी न्यायचं? युसुफने हव्वाबीपाशी शंका काढली. तिकडे नेऊन दुसऱ्याच कुणाच्या हाती सोपवतील, परत आणणारच नाहीत.

“आणि तिकडे तुला ठेवून घेणार कोण?” हव्वाबी म्हणाली.

इन्शा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “अब्बा, इट्स अ हॉलिडे. जस्ट गो.”

निघायच्या आदल्या दिवशी सैफने त्याला बाजूला घेतलं. सैफ मऊ बोलणारा माणूस, आणि त्याच मऊपणाची युसुफला धास्ती वाटायची. “तिथे तू आईबरोबर राहायचंस. ती जिकडे म्हणेल तिकडे ने. पण संध्याकाळी मला सांगत जा. कुठे गेली, कुणाला भेटली, काय केलं. तिला कळू देऊ नकोस.”

म्हणजे आपल्याला न्यायचं कारण हे. युसुफ ‘हाजिर’ म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्याला सैफ आवडेनासा झाला.

साल्झाख नदीच्या खोऱ्यात, तळ्याकाठच्या एका गावात त्यांनी घर भाड्याने घेतलं. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, माथ्यावर जुलैतही बर्फ, मध्ये दुधाळ पाण्याची नदी. सैफची बायको मुलांना घेऊन बर्फावर नाहीतर तळ्यावर जायची. सैफ गॅलरीत दुबईशी फोनवर. आणि मामाचं एकच म्हणणं, “यल्ला, चल युसुफ, किल्ला.”

त्या खोऱ्यात आणि आसपासच्या खोऱ्यांत टेकड्यांच्या टोकावर जुने किल्ले बसलेले होते. युसुफला किल्ला म्हणजे जयगडसारखा, समुद्राकडे तोंड करून वाऱ्यात उभा, काळ्या दगडाचा. इकडचे पांढरट भिंतींचे, उतरत्या छपरांचे, देवदारांच्या रानातून एकदम डोकं वर काढणारे. खाली गाडी उभी करायची, वर पायवाट. मामाच्याने चढवत नव्हतं. ती गाडीत पुढच्या सीटवर बसायची आणि म्हणायची, “तू जाऊन ये. सगळं नीट बघ. मग मला सांग.”

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, गंमत असेल. पण तो खाली आल्यावर तिने जे प्रश्न सुरू केले ते थांबेचनात. दरवाजा कुठल्या दिशेला आहे? विहीर आत आहे की बाहेर? पाणी वर कसं नेत असतील? बायकांच्या खोल्यांना खिडक्या आहेत का, आणि त्यांतून नदी दिसते का? ती स्वतः अल ऐनच्या मातीच्या किल्ल्याशेजारी वाढलेली, खजुरांच्या बागेत. त्यामुळे विचारत असेल, असं कुणालाही वाटलं असतं. युसुफला नाही वाटलं. एवढं खोदून विचारतेय म्हणजे आपण खरंच वर गेलो का ते तपासतेय. किंवा आपल्याला वर पाठवून खाली काहीतरी उरकतेय. कुणाला तरी भेटतेय.

दुसऱ्या किल्ल्याला तो निम्म्यातून मागे वळला आणि झाडाआडून गाडीवर नजर ठेवली. मामा एकटी, सरळ समोर बघत, हातात मिसबहा, म्हणजे जपाची माळ घेऊन मणी ओढत. कुणी आलं नाही, गेलं नाही. संध्याकाळी सैफने विचारलं, “कुणाला भेटली?”

“कुणालाच नाही.”

“नक्की? गाडीतून कुठे उतरली का?”

“नाही.”

सैफ त्याच्याकडे बघत राहिला. माझ्यावरही याचा भरवसा नाही, युसुफच्या मनात आलं. मग हळूहळू त्याने स्वतःशी हिशोब जुळवला. दुबईची बिल्डिंग अडकलीय. अल ऐनचं जुनं घर, बाग, सगळं मामाच्या नावावर. मुलाला ते मोकळं करायचं असणार. आईचं डोकं ठिकाणावर नाही, ती भलतीकडे फिरते, असं काहीतरी त्याला माझ्या तोंडून काढून घ्यायचंय. एकदा हे मनात बसल्यावर सैफचा प्रत्येक शब्द त्यात फिट बसत गेला.

चौथ्या की पाचव्या किल्ल्याला युसुफचा गुडघा धरला. तो वळणापर्यंत गेला, तिथल्या बाकावर बसून राहिला, आणि थोड्या वेळाने खाली येऊन मनानेच सांगायला लागला. दरवाजा असा, विहीर तशी. आणि रंग भरायला म्हणून म्हणाला, “वरच्या बुरुजावर मोठं लाल निशाण लावलंय, मामा. काय फडफडतंय.”

बोलून झाल्यावर त्याने मान वर केली. बुरूज काचेतून समोरच दिसत होता, स्वच्छ उन्हात, टोकापर्यंत उघडा. त्यावर निशाण नव्हतं.

मामा शांतपणे म्हणाली, “हो, मघापासून बघतेय ना. छान दिसतंय.”

परतीच्या रस्त्याला युसुफ मनात तेच घोळवत राहिला. म्हातारी आपल्याला खेळवतेय. खोटं पकडलं, आणि ते बोलून दाखवण्याऐवजी गाठीशी बांधून ठेवलंय. पण गावात शिरताना सिग्नलला थांबल्यावर त्याच्या डोक्यात दुसराच विचार आला.

दुसऱ्या दिवशी तो किल्ल्यावरून उतरला आणि दरवाजा न उघडता गाडीच्या पुढे, थेट तिच्या समोर जाऊन उभा राहिला. काचेच्या पलीकडे मामा. तिचे डोळे त्याच्या छातीतून आरपार डोंगराकडे. त्याने हात हलवला. मणी ओढणारी बोटं तशीच चालू राहिली. मग त्याच्या बुटाखाली खडी करकरली, तशी ती दचकली.

“कोण आहे?”

“मी, मामा. युसुफ.”

तो आत येऊन बसला. शेवटी तीच बोलली. “एका डोळ्याने तर वर्ष झालं, धुकं आहे. दुसऱ्याने जेमतेम उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं. खूप जवळ आलं तर.”

“घरात कुणाला…”

“कुणालाच नाही. घरात भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. इथे नाहीत, म्हणून गाडीत बसते.” मग तिने मान त्याच्या दिशेला वळवली. “सैफ तुला रोज विचारतो. मला ऐकू चांगलं येतं, युसुफ. तू त्याला सांगणार?”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही.”

“आंधळ्या बाईला एकटीला घरात कोण ठेवेल? अबू धाबीला सुनेच्या घरी एका खोलीत नेऊन बसवतील. माझी खजुरं, माझी विहीर, खलास.”

युसुफचा हिशोब आता पक्का झाला. आपण समजत होतो तेच बरोबर. घरावर डोळा आहे. त्याने शब्द दिला, आणि तो पाळला. उरलेले सगळे दिवस तो किल्ल्यांवर खरोखर चढला, दम लागला तरी, आणि सैफला संध्याकाळी तेच उत्तर देत राहिला. किल्ला बघितला, कुणी भेटलं नाही, सगळं ठीक. हव्वाबीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मला कधीचं वाटतंय. तुम्ही निघालात त्याच्या दोन दिवस आधी मी समोर उभी, आणि हव्वाबी कुठे गेली म्हणून हाका मारतायत. पण हे तू लपवू नकोस. डोळ्याचं काम आहे.”

“तुला त्या सैफचं काय माहीत?”

“तुला तरी काय माहीत?” ती म्हणाली.

निशाणाचं मात्र त्याने मामाला कधीच सांगितलं नाही. ती नातवंडांना त्या लाल निशाणाचं कौतुक सांगायची तेव्हा तो खाली बघायचा.

ऑगस्टच्या शेवटी रमजान लागला. अल ऐनच्या घरी इफ्तारला पाहुणे होते. मामाने नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने पाहुणीला कॉफी ओतली, आणि ती पेल्याच्या बाहेर, पाहुणीच्या मनगटावर सांडत राहिली. ती ओतायची थांबेना, कारण तिला दिसतच नव्हतं. सगळ्यांसमोर झालं. सकाळी सैफ तिला इस्पितळात घेऊन गेला. काचबिंदू निघाला. एक डोळा गेल्यात जमा होता. दुसरा थेंब घालून जेवढा टिकेल तेवढा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं, बरंच वाचलं असतं.

संध्याकाळी सैफ मागच्या खोल्यांपाशी आला. वीस वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच आला होता.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी तुला रोज विचारत होतो.”

“तुम्ही विचारत होतात कुठे गेली, कुणाला भेटली,” युसुफ म्हणाला. “दिसतं का, असं एकदाही विचारलं नाहीत.”

सैफ पायरीवर बसला. “बाबांनी आपलं दुखणं आमच्यापासून लपवलं होतं. परदेशात गुपचूप डॉक्टर गाठायचे. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला वाटलं, आईचंही तसंच काही आहे. ती तिथे डॉक्टरला भेटत असेल. तेवढंच मला कळायला हवं होतं.”

युसुफने चाचरत घराचं विचारलं. सैफला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, “हे घर? हे कोण विकतंय? दुबईची बिल्डिंग मी मार्चमध्येच दुसऱ्याच्या हवाली केली.”

तो गेल्यावर युसुफ तिथेच बसून राहिला. हव्वाबीने जेवायला हाक मारली, तो उठला नाही. त्याला एजंट आठवला नाही, अजीज आठवला नाही. आठवत होती ती काचेपलीकडची मामा, आणि आपण तिच्यासमोर हलवलेला हात. त्याच दिवशी बोललो असतो तर.

मामाने त्याला कामावरून काढू दिलं नाही. “शब्द मी घेतला होता,” ती सैफला म्हणाली, “भांडायचं असेल तर माझ्याशी भांड.” सैफ भांडला नाही, पण पुढची दोन वर्षं तो युसुफशी कामापुरतंच बोलायचा. थेंब घालायचं काम हव्वाबीकडे आलं. ती घालायची, आणि युसुफ खिडकीतून बघून खात्री करायचा. मामा घरातच राहिली, आपल्या खजुरांत. अबू धाबीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

२०११च्या उन्हाळ्यात ते परत त्या खोऱ्यात गेले, आणि मामाच्या हट्टाने हव्वाबीही बरोबर आली. आता किल्ल्यावर हव्वाबी चढायची, आणि तिचं वर्णन युसुफपेक्षा फार वरचढ निघालं. चूल केवढी, धूर कुठून जायचा, धान्य कुठे ठेवत असतील, कुठल्या खोलीत सासू राहत असेल. मामा खदखदून हसायची. त्या दोघींचं गाडीत रंगायचं तेव्हा युसुफ बाहेर कठड्याला टेकून उभा राहायचा. आतून आपलं नाव ऐकू आल्यासारखं वाटलं की कान टवकारायचा.

एका संध्याकाळी तिथूनच त्याने सैफला फोन लावला. सैफ त्या वर्षी दुबईतच थांबला होता. युसुफने सगळं सांगितलं. थेंब तीनदा घातले, सावली डाव्या बाजूने कळते, उजवीकडून नाही, आज पायरीला अडखळली पण पडली नाही.

“बरं,” सैफ म्हणाला. मग थोडं थांबून, “आणि हव्वाबीला थंडी सोसते ना? स्वेटर आणलाय का तिने?”

“आणलाय,” युसुफ म्हणाला.

फोन खिशात टाकून तो गाडीत बसला आणि तळ्याकाठचं गाव येईपर्यंत विचार करत राहिला, की हे सैफने नेमकं कशासाठी विचारलं असेल.