पाचव्या महिन्यातला ताप

एका रविवारी दुपारी मी माझ्या थोरल्या बहिणीला माझं काम समजावून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी ती दुपार आठवली की मला अजून अपराधी वाटतं, आणि तसं वाटायला कारण आहे.

आमचे वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला. तिथल्या नवागाम वस्तीतल्या एका खोलीत आम्ही दोघी वाढलो. दहावीनंतर ताई घरी बसली आणि आईबरोबर साड्यांचं धागा कटिंग करू लागली. साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे जास्तीचे धागे कापायचे, दिवसभर. ती बसली म्हणून मला शिकता आलं. पुढे लग्न होऊन ती शहराबाहेर कडोदऱ्याला गेली. भावजी जवळच पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला होते. मी एम.एस्सी. करून शहरातल्याच एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूचे पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या एकाच जातीच्या पेशी शोधायच्या, हे माझं काम.

त्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले होते. तिची मुलगी साडेतीन वर्षांची होती. बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. डब्यांची झाकणं जमिनीवर एका ओळीत मांडत बसायची आणि एखादं हललं की किंचाळायची. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता आणि नुकतीच थेरपी सुरू झाली होती. ताई साडी मांडीवर घेऊन धागे कापत होती. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, इथं बहुतेक मराठीत सांगतेय. तिनं सहज विचारलं, "दिनभर तू त्या मशीनम्हा काय देखस व?"

असं कौतुकानं मला घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी खूश झाले. म्हटलं, "आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, तशा मेंदूतपण असतात. बाळ पोटात असतं तेव्हाच फार लवकर त्या मेंदूत शिरतात आणि तिथंच राहतात. मेंदू वाढताना जोडण्या गरजेपेक्षा जास्त होतात. या पेशी जास्तीच्या जोडण्या खाऊन टाकतात."

तिनं हातातली कातरी दाखवली. "म्हणजे धागा कटिंग."

"अगदी तसंच," मी म्हटलं, आणि मला आणखी चेव चढला. "पण आईला गरोदरपणात जोराचा ताप आला ना, की पोटातल्या बाळाच्या या पेशीपण खवळतात. मग कटिंग बिघडतं. उंदरांची अशी पिल्लं मोठी झाली की इतर पिल्लांत मिसळत नाहीत. एकच काम पुन्हा पुन्हा करत बसतात."

कातरी थांबली. ताईनं मुलीकडे पाहिलं. ती झाकणं मांडत होती.

"माले बी ताप उना व्हता," ती म्हणाली. "पाचवा महिनाम्हा."

त्या क्षणी मला बरंच काही सांगता आलं असतं. आम्ही उंदरांना मुद्दाम आजारी पाडतो, ती गोष्ट वेगळी. ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं ठणठणीत असतात. ऑटिझममागे जन्मतःच असलेली कितीतरी कारणं असतात, आणि एका मुलीकडे बोट दाखवून हे त्या तापानं झालं असं जगातला कुणीही सांगू शकत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण मी म्हणाले, "असं नसतं गं काही," आणि विषय बदलला. कारण तिच्या तोंडून पाचवा महिना ऐकताच मला दुसरंच आठवलं होतं.

तो ताप तिला माझ्याकडून आला होता.

एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेआधी मला फ्लू झाला होता. आई गावी गेलेली. ताई पोट सांभाळत कडोदऱ्याहून आली, चार दिवस राहिली, माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मला पेज भरवली. मी तिला जा म्हटलं नाही. परीक्षा होती, मला ताई जवळ हवी होती. ती घरी परतली आणि तापानं फणफणली. मी पेपर देत होते.

त्या रविवारनंतर दीड वर्ष आम्ही यावर बोललो नाही. ताई पुन्हा गरोदर राहिली. मी प्रबंधाच्या गडबडीत होते, फोनवर विचारायची, ती "चाललंय" म्हणायची. तिच्या सातव्या महिन्यात एकदा गेले, तर तिनं दारातच साबण पुढे केला. मग नाकाला पदर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"थेरपीत काय शिकवतात आता?" मी विचारलं.

"सहा महिने झाले नेलं नाही तिला."

"का?"

"तिथं शेंबडी, खोकणारी पोरं असतात. बसमध्ये गर्दी. मला ताप आला तर? हेपण पोर तसंच झालं तर?" ती हळू बोलत होती, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. "पहिलीचं मी बिघडवलं. तूच सांगितलंस ना."

माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून ही बाई घराबाहेर पडत नव्हती, आणि त्यापायी पोरीची थेरपी बंद पडली होती. ज्या वयात थेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, त्यातले सहा महिने गेले होते.

त्याच आठवड्यात मी तिला रिक्षानं भाचीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बहन, तुमच्या तापानं झालं असं मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. तुमचा काही दोष नाही."

ताईनं मान हलवली. बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाली, "तू सांगितलंस ते लगेच पटलं होतं. हे सांगतात ते पटत नाही."

मग मी तिला सांगितलं. फ्लू माझा होता, तुला मी दिला, त्या रविवारी तुझ्यासमोरच मला ते आठवलं आणि मी गप्प बसले. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर उठून जाईल.

"ताप कुठून आला ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. आजारी बहिणीकडे जाणार नाही तर कुठे जाणार? पण तू दीड वर्ष मला एकटीला हे ओढू दिलंस."

"थेरपीला आता मी नेते," मी म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी भाचीला थेरपीला मी नेऊ लागले. बसमध्ये ती कानांवर हात ठेवून बसायची आणि मी तिच्या आणि गर्दीच्या मध्ये उभी राहायची. ताईला दुसरी मुलगीच झाली, सुखरूप. आता ती रांगते, सगळ्यांकडे बघून हसते. ती हसली की ताई आधी थोरलीला जवळ ओढते. हे मी पाहिलं आहे.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत असताना ताईचा फोन आला. थोरलीनं रिकामा पेला तिच्यासमोर धरून "पाणी आप" म्हटलं होतं. थेरपीच्या बाई गुजराती, म्हणून पोरीची पहिली मागणी गुजरातीत. ताई हसत होती, रडत होती, तेच तेच पुन्हा सांगत होती. मीही रडले. फोन ठेवल्यावर मात्र ते सहा महिने आठवले. ते गेले नसते तर पोरीनं पाणी आधी मागितलं असतं का, मला माहीत नाही. ताईनं ते मला कधी विचारलं नाही.