वहीतले अठ्ठावीस

वडील सोमवारी गेले. त्याच्या चार दिवस आधी मी त्यांना दवाखान्यातून मोताळ्याला घरी आणलं होतं.

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसासमोर 'बेटर' हा शब्द जपून वापरावा लागतो. डॉक्टर दारातूनच म्हणायचे, "गुरुजी, आज बेटर." वडील विचारायचे, "कशापेक्षा?" अर्धी सोडलेली तुलना त्यांना वर्गातही खपत नसे. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, "तुम्हीच ठरवा. बेटर वाटलं की सुट्टी."

वडिलांनी मला वही आणायला लावली. रोज सकाळी ते व्हरांड्यात, न थांबता जमतील तेवढी पावलं टाकत आणि आकडा लिहीत. कालच्यापेक्षा जास्त, तर बेटर. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड या परीक्षेला बसला. सलाईनच्या दांड्या धरून माणसं रांगेत उभी राहू लागली आणि नर्सबाई औषधांचा ट्रे घेऊन वाट बघू लागल्या.

शेजारच्या खाटेवर कांदे पिकवणारे एक आजोबा होते. ते म्हणाले, "गुरुजी, पाच पावलं वाढवून द्या न. म्हैस व्यायले आली माही."

"फुकटचे मार्क मी सख्ख्या भावाले नाही देल्ले."

"मंग भाऊ नापास झाला असन."

"हाव. दोनदा."

घरी जायची घाई खरं तर वडिलांनाच होती. आईचे गुडघे धरलेले, तिला दवाखान्यात येता येत नव्हतं. "मले घरी ने," ते म्हणत, "पण वहीत बसलं पायजे." सुरुवातीला वहीत बसत होतंही, पण तेव्हा त्यांना ताप होता, म्हणून सुट्टी मिळाली नाही. ताप गेला आणि पावलं घटली. एके दिवशी अठ्ठावीस, दुसऱ्या दिवशी एकोणीस.

त्या दुपारी ते झोपले असताना मी अठ्ठावीसचे अठरा केले. दोनाचा एक करणं अवघड गेलं, कागद खरवडला गेला.

उठल्यावर त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. पोरांची असली खाडाखोड त्यांनी चौतीस वर्षं पकडली होती. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग एकोणीसखाली 'बेटर' लिहून सही केली आणि मला म्हणाले, "चाल, गाडी पाहाय."

घरी त्यांनी आईच्या हातची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. चार दिवस, दोन दोन घास.

आता घरात आम्ही दोघेच असतो. आई रोज एकदा विचारते, "बरे झाले म्हणूनच सोडलं न त्याईले?"

मी हो म्हणतो.