सीटखालची वायर

स्कुटी मी माझ्या धाकट्या जावेला दिली, पण कागद माझ्याच नावावर राहिले. घरातल्या घरात कशाला आरटीओच्या चकरा मारायच्या, असं दोघींचंही म्हणणं. ती पिंगळीला राहते, ब्लाऊज शिवते, मी परभणीत. गाडी तिच्याकडं आणि गाडीच्या कंपनीकडं फोन नंबर माझा.

मग ते साडीचं झालं. तिच्या वास्तुशांतीला मी हौसेनं घेतलेली मोरपंखी साडी तिनं आपल्या मावसबहिणीला आहेरात देऊन टाकली, आणि ती नेसून ती बाई एका लग्नात नेमकी माझ्याच पंगतीला बसली! माझं डोकंच फिरलं. आहेराच्या साड्या इकडच्या तिकडं सगळ्याच करतात, मीसुद्धा करते. पण माझी साडी? त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

अबोल्यातच कंपनीचा मेसेज आला. तुमची गाडी ज्या सालची, त्या सालच्या गाड्यांत सीटखालची वायर तापून पेट घेऊ शकते, गाडी घरात लावू नका, शोरूमला घेऊन या, फुकट बदलून देऊ. मी दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, नीट कळला होता मला. पुढं पाठवायला बोटसुद्धा ठेवलं होतं. मग म्हटलं, आधी तिनं फोन करावा, मग बघू. अशी मी मेली आडमुठी.

दसऱ्याला गावी, पिंगळीला तिच्या घरी गेलो. सोनं वाटताना मी सगळ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि तिला ओलांडून पुढं गेले. तिनं हात पुढं केलेला होता. स्कुटी ओसरीत उभी होती, शिलाई मशीनला लागून. मला दिसली. मी तोंड फिरवलं आणि चहा प्यायला बसले.

तुळशीची लग्नं झाली, लगीनसराईची शिलाई आली. एका दुपारी ती परभणीहून दोरे-अस्तर घेऊन आली, गाडी ओसरीत लावली आणि थोड्याच वेळात गाडीनं पेट घेतला. लोकांच्या ब्लाऊजांचं गाठोडं मशीनवर होतं, ते काढायला ही आगीत शिरली. ब्लाऊज वाचले. हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दवाखान्यात मला बघून तीच रडायला लागली.

"ताई, तुमची गाडी मला संभाळता आली न्हाई. लोक म्हनायलेत, जावेनं खटारा गळ्यात मारला. मी म्हनलं, आमच्या ताईनं दिलेली गाडी हाय, तिच्यात खोट कशी आसंल? माझंच कायतरी चुकलं आसंल."

लय लाज वाटली मला. गप्प राहिले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं, आणि त्या दिवशी मी गप्पच राहिले. घरी येऊन तो मेसेज पुन्हा काढून वाचला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. तिला वरणभात भरवला, तोंड पुसलं आणि मोबाइलवरचा तो मेसेज तिच्यासमोर धरला. तिनं सावकाश वाचलं. वरची तारीखही वाचली.

"दसऱ्याच्या आधीचा हाय ह्यो?"

"हो."

"तवा तुमाला म्हाईत होतं?"

"होतं गं."

तिनं पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघितलं.

"पान नसतं दिलं तरी चाललं आसतं, ताई," ती म्हणाली. "गाडीचं तेवढं सांगायचं होतं."