खांदा झटकला, त्याची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. तुम्हाला सांगते — आणि सरळच सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही तारापूरला राहायचो. नवरा बोईसरला कारखान्यात. घरी मी आणि सासरे — आबा. सत्तरी ओलांडली तरी चिकूच्या वाडीत राबणारा माणूस. एका सकाळी ओट्याची पायरी उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर ते मला नको नको ते बोलले होते. मी खांदा झटकला. हो, मुद्दाम. आबा पडले, डोकं खांबावर आपटलं. रक्ताचा थेंबही नाही. "काय नाय झालं," म्हणाले नि वाडीत गेले. मग काय सांगायचं होतं?

काही आठवड्यांनी त्यांचं डोकं दुखू लागलं. दिवसाही झोपून राहायचे, मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे, उजवा पाय ओढत चालायचे, उजव्या हातातून पेला सुटायचा. "वय झालं, आता आसंच," शेजारीण म्हणाली. बोईसरच्या डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?"

"नाही," मी म्हणाले. किती सहज निघालं तोंडातून!

गोळ्या मिळाल्या. पुढे उलट्या सुरू झाल्या, आबा शुद्धीत राहीनात — तेव्हा मुंबईला नेलं. तिथे स्कॅन झाला. मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठलं होतं. "मेंदूच्या आत शीर फुटली तर माणूस एकाएकी कोसळतो," डॉक्टर म्हणाले. "हे तसलं नाही. म्हातारपणी किरकोळ मारानेही रक्त हळूहळू झिरपतं. आधी आणायला हवं होतं. पडले होते का कधी?"

नवराच बोलला, "पडले असते तर हिने सांगितलं असतं."

मी? मी आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

कवटीला भोकं पाडून त्यांनी ते काळं रक्त काढलं. आबा वाचले, पहिल्यासारखं बोलू लागले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. वाडी दुसऱ्याला खंडाने कसायला द्यावी लागली.

पडल्याचं त्यांना आठवत होतं का — मी कधी विचारलं नाही. मी त्यांना भरवायचे आणि ते आल्यागेल्याला सांगायचे, "सून हाय म्हनून जगलो."

मी मान खाली घालून पुढचा घास कालवायचे.