केळी, कापूस, नागली

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतली एक तरुण शिक्षिका घरी आली. ती चाळीसगावजवळच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते आणि जळगावहून रोज रेल्वेने ये-जा करते. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाली, "मॅडम, एकाच तासाला तीन स्तरांचं नियोजन मागताहेत. एकाला शेकडेवारी येते, शेजारच्याला हातच्याची वजाबाकी येत नाही. तुमच्या जुन्या टाचणांचे फोटो काढून घेऊ का?"

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझी टाचणं आता कोणी मागेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे मी जरा फुगलेच. तिच्यासाठी चहा टाकला आणि दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली.

टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं याची आदल्या दिवशी लिहिलेली नोंद. पुष्कळ जण तपासणी आली की महिन्याभराचं टाचण एका बैठकीत उरकतात. मी तशी नव्हते. पट्टीने आखलेले रकाने, तांबड्या शाईतला घटक, निळ्या शाईतली कृती. कोणी माझ्या वहीवर चहाचा कप ठेवला तरी माझं डोकं फिरायचं. गर्वाचं घर खाली म्हणतात, आणि ते मला जिने दाखवलं ती वही पेटीत अगदी तळाला होती.

त्या वर्षी मी साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळच्या पांझरेकाठच्या एका गावात होते. सहावी-सातवी एकाच खोलीत, पोरं एकतीस. जुलैत चाचणी घेतली तेव्हा कळलं की वर्गात तीन वर्ग आहेत. काहींना अपूर्णांकांचा गुणाकार झटपट यायचा. मधल्यांना भागाकार यायचा, पण बाकी उरली की ते घाबरायचे. आणि आठ-नऊ पोरं वजाबाकीतच अडकलेली. त्यातही मधे शून्य आलं, पाचशे चारमधून दोनशे सदतीस असं काही, की पेन्सिल थांबलीच.

तीन गट करायचे हे ठरलेलं होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की गटांना हुशार, मध्यम अशी नावं देऊ नका, पोरांच्या मनाला लागतं. बाकीचे शिक्षक लाल, हिरवा, पिवळा करायचे. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. परिसराशी नातं जोडावं म्हणून मी पिकांची नावं दिली. पुढचा गट केळी, मधला कापूस, आणि वजाबाकीवाला नागली, म्हणजे नाचणी. तीन कार्डशीट रंगवले, प्रत्येक पोराच्या नावाची पिवळी चिठ्ठी करून आपापल्या पिकाखाली चिकटवली. केंद्रप्रमुख आले, भिंत पाहून खूष झाले, आणि टाचणात लाल शाईने लिहून गेले, 'स्थानिक संदर्भ उत्तम'. त्या रात्री मी घरी फोन करून तो शेरा वाचून दाखवला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

शेतकऱ्यांच्या पोरांना पिकातलं कळणार नाही, असं समजणारी मी एकटीच शहाणी. त्या गावात केळी पिकत नव्हती. पोरांनी ती बाजारच्या दिवशी पिंपळनेरला गाडीवर पाहिलेली. केळीला बारमाही पाणी लागतं, म्हणजे ती पाणीवाल्याची, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. नागली म्हणजे डोंगराच्या उतारावरचं, पावसाने दिलं तर दिलं असं पीक. माझ्या माहेरी केळी म्हणजे नुसतं घरचं पीक, त्यात मोठेपणा आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कोण कुठला ते कळलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी एक पोरगा ओरडत होता, "नागलीवाला मांगे सरका." मी त्याला एक धपाटा दिला आणि आपण न्याय केला असं समजून आत गेले.

दुसऱ्या दिवशी नागलीच्या कार्डशीटवर एक चिठ्ठी कमी होती. ती कुणाची ते मी रिकामी जागा पाहूनच ओळखलं. सहावीतली एक मुलगी, खिडकीजवळ बसणारी. बोलायची कमी, पण मी फळ्यावर चुकले तर सगळ्यात आधी तिची मान वर व्हायची. ती त्या दिवशी आली नाही. आठवडाभर आली नाही. हजेरीत गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या आणि मी मनात तिच्यावरच चिडत राहिले, की एवढं काय लागायचं नावाला?

मग तिची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, "ती शाळाले नही सांगस तं ऱ्हाऊ द्या, मॅडम. दिवाळीनंतर मावशीसंगे गुजरातमा धाडसूत. ऊसतोडना पडाववर मावशीना धाकला पोरे संभाळी."

मला धसका बसला. सहावीत शाळा सोडून गेलेली मुलगी परत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. आणि या वेळी तिला धाडणारी मीच होते. दिवाळीला दोन महिने होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी तिच्या घराकडे निघाले. घर बंधाऱ्याच्या अलीकडे होतं. तिचे आजोबा गावचे पाटकरी, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटातून ज्याच्या त्याच्या वावराला पाळीने सोडणारे. गाव त्यांना आबा म्हणायचं. डोंगरावर त्यांची थोडी नागली होती आणि खाली पाटाच्या जमिनीत तीन तुकडे. ते पाटात उतरून गवत काढत होते. मुलगी काठावर गवताचे भारे करत होती. मला पाहिलं आणि भारा तिथेच टाकून घराआड गेली.

मी आबांना सगळं सांगितलं. सांगताना पुष्कळ सारवासारव केली, की नाव काय, नुसतं नाव असतं, त्यात कमीपणा नाही. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"केळी कोणले दिधी?"

"ज्यांना गणित येतं त्यांना."

"आनि नागली?"

आबा पाटातून वर आले, हात धुतले आणि मला बंधाऱ्यावर घेऊन गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली पाटाच्या कडेने गावाची भिजणारी जमीन पसरली होती, तिचे तीन मोठे भाग, त्यांनाच फड म्हणतात. मी तीन वर्षं रोज तिथून जात होते आणि मला ती नुसती हिरवी जमीन दिसत होती.

"या तीन फड शेतस," आबा म्हणाले. "औंदा वरला फडमा ऊस, मधलामा गहू, खालेना फडमा बाजरी. पुढला साले बठ्ठं बदली जाई. आनि बठ्ठासना तुकडा बठ्ठा फडमा ऱ्हास. म्हनीसन ऊसवाला, बाजरीवाला असा कोनी मानूस आमना गावमा नही, मॅडम. पीक फडनं ऱ्हास, मानूसनं नही."

म्हणजे गावातल्या सगळ्यांचा तुकडा सगळ्या फडांत, आणि पिकं दर वर्षी फिरती. मला वाटलं झालं, आता हे मला घालवून देणार. पण ते पाणी सोडण्याचं सांगत बसले. एक वावर झटकन पितं, एक सावकाश. शेवटचा वाफा भिजला की मगच पुढच्याची पाळी. "घड्याळ पाहीसन पानी नही देतस," एवढं म्हणून ते पुन्हा पाटात उतरले.

परत येताना मला रडू आलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी होते की नाही ते माहीत नाही, मार मात्र बसला होता.

सोमवारी मी कार्डशीट उतरवले. पोरांना सांगितलं की नावं देण्यात माझी चूक झाली. एकतीस पोरांसमोर असं म्हणायला माझी जीभ किती जड झाली ते काय सांगू. मग कबड्डीच्या रेषा आखायची पांढरी फक्की घेऊन मैदानात तीन फड आखले आणि प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा. वरच्या फडात पावलांनी आणि दोरीने मोजायचं, बेरीज-वजाबाकी करायची. मधल्या फडात कुणाचा वाटा एकूण फडाचा कितवा भाग ते काढायचं. खालच्या फडात दुसऱ्यांसाठी गणितं रचायची. दर आठवड्याला सगळ्यांनी पुढच्या फडात सरकायचं. ज्याचा वाफा भिजला नाही त्याने तिथेच थांबायचं, त्याला कोणी हाकलायचं नाही. टाचणात तीन रकाने तसेच राहिले, फक्त वर गटांची नावं राहिली नाहीत.

पण आखणी मला नीट येईना. पाट कुठून काढायचा, कुणाचा तुकडा कुणाला लागून, यात पोरांची भांडणं लागली. मी खरंच अडले होते, आणि ते निमित्तही करून घेतलं. एका पोराबरोबर आबांना निरोप धाडला की शाळेतला फड चुकला आहे, येऊन सांगा.

आबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती मुलगी फाटकाशी उभी होती, दप्तराशिवाय. आजोबांनी पाठवलं, एवढंच म्हणाली. मैदानभर फिरली, पायाने फक्की पुसली, पाट दुसऱ्या बाजूने काढला आणि केळीवाल्या पोरांना उठवून त्यांच्या त्यांच्या तुकड्यात नेऊन बसवलं. मी भिंतीला टेकून पाहत राहिले. मला मधे बोलायची भारी खोड, पण त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती दप्तर घेऊन आली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन पोरांची वजाबाकी वर्षअखेरपर्यंत कच्चीच राहिली. एका केळीवाल्या पोराच्या बापाने येऊन विचारलं की माझ्या पोराला दोरी मोजायला का लावता. त्याच्याशी माझं चांगलंच वाजलं. पण दिवाळीच्या आधी एका दुपारी ती मुलगी वरच्या फडात शेजारच्या पोराला समजावत होती. पाचशे चारमधून दोनशे सदतीस. एककाला दशकाकडून हातचा हवा, दशकात तर शून्य, म्हणून तो शतकातून आणायचा. आणला खरा, पण शून्याच्या जागी नऊ कुठून आले हे त्या पोराला कळेना. मी ते वर्षानुवर्षं 'नियम आहे' म्हणून सांगत आले होते.

ती फक्कीवर बोट ठेवून म्हणाली, "वरला वावरथून पानी आनं ना तू? मंग ते मधला वावरना मांयथूनच उनं. मधलं वावर कोरडं कसं ऱ्हाई? एक पुढे गया, तठे नऊ ऱ्हायनात."

मी तिथल्या तिथे टाचण उघडून ते लिहून घेतलं: पाणी मधल्या वावरातूनच येतं, दहातला एक पुढे जातो, नऊ तिथे राहतात. निळ्या शाईत, रकाना सोडून, तिरकं. माझ्या वह्यांमध्ये तेवढं एकच पान वेडंवाकडं आहे.

दिवाळी झाली आणि मावशी एकटीच गुजरातला गेली. आबांनी घरात काय सांगितलं ते मला कळलं नाही. मुलगी सातवीत गेली. सातवी संपता संपता माझी बदली आली. तिचं नाव पिंपळनेरच्या शाळेत आठवीला घालायला तिची आई आणि मी एकाच एसटीने गेलो होतो, आमच्या दोघींच्या मधे ती बसली होती.

निरोपाच्या दिवशी पोरांनी पेन दिलं, शाल दिली. सगळे पांगल्यावर ती मागे राहिली. कंपासपेटी उघडली, तळाशी घातलेला कागद काढला आणि त्याखालून एक पिवळी चिठ्ठी काढली. तिच्या नावाची, माझ्या वळणदार अक्षरात, मागे सुकलेला डिंक. दोन वर्षं तिने ती रोज शाळेत आणली होती आणि मला पत्ता नव्हता.

"मॅडम, हाई चिठ्ठी तुमनी शे," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी रिकाम्या वर्गात बसून पुष्कळ रडले. माफ केलं की आठवण करून दिली, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही आणि आजही ठरवता येत नाही.

चहा कधीच निवला होता. ती तरुण शिक्षिका वही चाळत तिरक्या अक्षराच्या पानाशी थांबली होती. पुढच्या पानात चिठ्ठी होती. तिने ती उचलून विचारलं, "ही पण नियोजनातली आहे का, मॅडम? हिचाही फोटो घेऊ?"

मी तिला वही देऊन टाकली. चिठ्ठी मात्र मागून घेतली. म्हटलं, "ती माझी आहे."