बाजेची जागा
पत्र्याला ड्रिलनं भोक पाडताना येणारा जळका वास नाकात शिरला, की मला आमच्या घरामागचा उघडा ओटा आठवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात वडील तिथंच बाज टाकून झोपायचे. मला मोटारी-पंख्यांच्या वाइंडिंगसाठी बंदिस्त जागा हवी होती, म्हणून मी तो ओटा पत्रे मारून बंद करायला काढला. मदतीला दुसरं कोणी नव्हतं. पत्रा वडिलांनीच धरला. "खिडकी कुटं ठिवतोस?" त्यांनी विचारलं. "खिडकी नको. वाऱ्यानं धूळ येते, तारांवर बसते," मी म्हणालो. पत्र्याआडून आवाज आला, "व्हय, बरोबर हाय की." तेव्हापासून ते आतल्या खोलीत झोपू लागले. तिथला पंखा गरम वाराच फेकायचा. सकाळी घामानं भिजलेली उशी ते गुपचूप कुंपणावर वाळत टाकायचे. मला दिसायचं, आणि मी गल्लीतल्यांचे पंखे दुरुस्त करत बसायचो. आता वडील नाहीत. बाजेच्या पायांनी कोब्यात पडलेले खळगे मात्र तसेच आहेत. माझ्या स्टुलाचा एक पाय त्यातल्या एकात जातो आणि काम करताना ते डुगडुगतं. बुजवायला मूठभर सिमेंट पुरेल, पण माझ्यानं बुजवणं होत नाही.