संदर्भसूचीतले वऱ्हाडी

मला गाता येत नाही, म्हणून मी संगीतात संशोधन करायचं ठरवलं.

तेव्हा मी जळगावला मुलींच्या एका शाळेत शिकवत होते आणि तिथल्याच मेहरूण भागात खोली घेऊन राहत होते. मार्गदर्शकांनी मला विषय दिला होता : मराठीतल्या संगीतविषयक पुस्तकांची संदर्भसूची. म्हणजे गाण्यावर लिहिलेल्या पुस्तकांवर लिहायचं पुस्तक! आमच्या भडगावच्या अक्काला, म्हणजे आबांच्या, माझ्या वडिलांच्या, थोरल्या बहिणीला, हे समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "पन मंग यामा गाणं कोठे शे?"

"गाणं नाहीये, अक्का. नुसती पुस्तकांची नावं आहेत."

"म्हंजे जेवण नही, नुसता भांडास्ना आवाज!"

(पुढे मार्गदर्शकांनीही साधारण हेच सांगितलं. फक्त प्रमाण मराठीत.)

तर, एका पुस्तकाचं एक कार्ड अशी माझी पद्धत होती. वर लेखकाचं आडनाव, मग नाव, त्याखाली पुस्तकाचं नाव, आवृत्ती, गाव. पुस्तक जळगावात कुठंच मिळालं नाही, तर कार्डाच्या पाठीवर लेखकाचा नाहीतर प्रकाशकाचा पत्ता. ही कार्डं मी जोड्यांच्या खोक्यात ठेवायची आणि खोक्याला जिवापाड जपायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याला घरी गेले, तेही खोकं मांडीवर घेऊनच. त्या सुट्टीत सुनंदाताईचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न होतं.

घरी पाहते तर आबा पाहुण्यांची यादी करत बसलेले. वहीत सगळी खाडाखोड! बोदवडच्या मामांचं नाव दोनदा, भडगावच्या अक्काचं नावच नाही. संशोधक काय, संधीच शोधत असतो. मी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. "आबा, वही म्हणजे गोंधळ! एका पाहुण्याचं एक कार्ड करायचं. आडनाव आधी. मग चूक व्हायची सोयच राहत नाही!"

आबांची सगळी नोकरी कचेरीत गेलेली. 'आडनाव आधी' ऐकून त्यांचा चेहरा उजळला. बाहेरगावच्या सगळ्या नातेवाइकांची कार्डं झाली आणि ती एका खोक्यात गेली. आता आबांचे जोडे आणि माझे जोडे एकाच दुकानातले असावेत, खोकी सारखी असावीत आणि ती दोन्ही एकाच फळीवर असावीत, यात माझी काय चूक? (सगळीच. पण ते पुढे.)

पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला आबांनी रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई पेंटर. आमच्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. अक्षर असं, की उधारी बंद असल्याची पाटीसुद्धा प्रेमपत्रासारखी दिसायची. ते अंगणात येऊन बसले, तेवढ्यात गच्चीवरून आई ओरडली, "शैले, कावळ्यानं पापड नेला!" मी हाताला लागलं ते खोकं रशीदभाईंसमोर ठेवलं आणि कावळ्यामागे धावले.

थोड्या वेळानं खालून हाक आली, "ताई, नाम के नीचे डिग्रियाँ भी हैं. लिखूँ क्या?"

आमच्या नातेवाइकांत दोन-तीन वकील होते. मी वरूनच सांगितलं, "कार्डावर असेल ते सगळं लिहा, रशीदभाई! एक अक्षर गाळू नका!"

त्यांनी एक अक्षर गाळलं नाही. पाकिटं लिहिली, पाठीवरचे पत्ते घातले, तिकिटं चिकटवली आणि भला माणूस जाता जाता पोस्टात टाकूनही आला.

पहिलं उत्तर पुण्याच्या एका प्रकाशकाकडून आलं. "आपली मागणी पोहोचली. 'चि. सौ. कां. सुनंदा' हे पुस्तक आमच्याकडे उपलब्ध नाही. नवी आवृत्ती निघाल्यास कळवू."

आईनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

दुसरं उत्तर नागपूरचं. "तीर्थरूप बाबांना जाऊन बरीच वर्षे झाली. तरी आपण आठवणीने बोलावलेत, डोळे भरून आले. वधूवरांस त्यांचे आशीर्वाद आहेतच, असे समजावे."

आबांनी चष्मा पुसला. "शैले, कोण गं हे?"

"ग्रंथकार होते, आबा."

"ते कळलं. आपले कोण लागतात?"

"संदर्भ लागतात," मी म्हणाले आणि फळीकडे धावले. दुसरं खोकं उघडलं. नातेवाईक जसेच्या तसे! सगळ्यात वर अक्का.

लग्न तोंडावर आलेलं. आबा मिळेल त्या गाडीनं बोदवडला गेले, मी एसटीनं भडगावला. अक्का ओट्यावर पाठ करून बसली होती. मी वाकून नमस्कार केला. पाय आत ओढले गेले.

"शेजारनी विचारस, तुना भाऊकडे लगीन शे, तू आठे कशी? काय सांगू मी? बठ्ठास्ले पत्रिका गयी, माले नही!"

"कुणालाच गेली नाही, अक्का. तुझी पत्रिका चुकून दुसरीकडे गेली."

"कोनकडे?"

आता इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण संशोधनाची सवय वाईट! "नागपूरला. एका वारलेल्या माणसाकडे."

अक्का गर्रकन वळली. "म्हंजे मी मरी गऊ असं समजनी का तू?"

पुढची सारी दुपार मनधरणीत गेली. शेवटी तिनं अट घातली : पत्रिका पोस्टानंच आली पाहिजे, शेजारणीच्या देखत! मग मी भडगावच्या पोस्टात जाऊन भडगावच्याच पत्त्यावर पत्रिका टाकली. पोस्टमनदादांच्या इतक्या विनवण्या केल्या, की ते हसत हसत माझ्याबरोबरच निघाले. अक्कानं पत्रिका शेजारणीला वाचून दाखवली आणि मगच पिशवी भरायला घेतली.

लग्नाच्या दिवशी सगळे आले. बोदवडचे आले, भडगावचे आले. मी देवाला हात जोडले, तेवढ्यात मांडवात पांढऱ्या धोतरातले एक किरकोळ आजोबा शिरले. आम्हाला वाटलं, नवरदेवाकडचे. आबांनी त्यांना मानाचा टोपी-टॉवेल दिला. नवरदेवाकडच्यांना वाटलं, आमचे. त्यांनीही टोपी-टॉवेल दिला. आजोबा एक टोपी डोक्यावर आणि एक हातात घेऊन पहिल्या रांगेत बसले.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणायला आमचे नाना, आबांचे थोरले भाऊ, उभे राहिले. घरात एकही लग्न नानांच्या मंगलाष्टकांवाचून लागत नसे. नानांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि असा काही स्वर लावला, की वाजंत्रीवाला दचकला.

"थांबा!" आजोबा उठले. "पट्टी फार वर घेतलीत. पुढच्या ओळीला फाटणार!"

नानांनी डोळे उघडले. "पट्टी माझी आहे, फाटली तर माझी फाटेल! कोण हो तुम्ही?"

"हे तुमच्याकडचेच ना?" नवरदेवाच्या वडिलांनी आबांना विचारलं.

"छे! आम्हाला वाटलं, तुमच्याकडचे!"

आजोबांनी शांतपणे खिशातून पाकीट काढलं आणि रशीदभाईंच्या त्या देखण्या अक्षरावरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "मुळेगावकर, गोविंद विष्णु. संगीतग्रंथांचा वाटाड्या. दुसरी आवृत्ती, सुधारून वाढवलेली. पुणे!"

सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला. अंतरपाटाआडून सुनंदाताईसुद्धा!

"मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले. नाना पट्टी सोडेनात, आजोबा बसेनात. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात बदलले. शेवटी बायकांतून अक्काचा आवाज आला, "आधी पोरनं लगीन लावा! सूर मांगून लावज्या!"

आणि लग्न लागलं. पुढच्या ओळीला नानांचा आवाज फाटला, पण तेवढ्यात सगळ्यांनी इतक्या जोरात अक्षता टाकल्या, की तो कुणाला कळला नाही. (आजोबांना कळला. त्यांनी मान हलवली.)

पंगतीत वरण-बट्टी वाढत मी त्यांच्यापाशी पोहोचले. खरं सांगून माफी मागायची, असं ठरवलं होतं. तेच म्हणाले, "बाई, जन्मभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची नावं गोळा केली. माझ्या पुस्तकाचं नाव कुणी आवृत्तीसकट पाकिटावर लिहून मला लग्नाला बोलावलं नव्हतं. म्हटलं, एवढा जिव्हाळा, जायलाच हवं."

मी त्यांच्या बट्टीवर तूप ओतलं. ओतत राहिले. ते 'पुरे' म्हणेनात. शेजारी बसलेल्या नानांनी न मागता त्यांना वांग्याची भाजी वाढायला लावली आणि ताक येईपर्यंत दोघं मिळून वाजंत्रीवाल्याला नावं ठेवू लागले.

वर्षभरात माझी संदर्भसूची विद्यापीठानं मान्य केली. परीक्षकांचा अहवाल घरी आला, तेव्हा अक्का मुक्कामाला होती. तिनं हौसेनं विचारलं, "काय लिखेल शे?" आबांनी कागद वाचला, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "काही नाही, पास झाली."

अहवालात एकच ओळ होती : "सूचीकार अत्यंत दक्ष असून त्यांच्या हातून एकही महत्त्वाचे नाव सुटलेले नाही."